बार्बरा हॅमर यांच्या चित्रपटांविषयी फिल्म सोसायट्यांना खुले पत्र

महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांच्या आणि चित्रपट रसास्वाद वर्गांच्या संयोजकांस,

अमेरिकन दिग्दर्शिका बार्बरा हॅमर (1939–2019) यांनी जवळपास पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत ऐंशीहून अधिक लहानमोठे चित्रपट केले. त्यांच्या पाठीशी स्टुडिओ नव्हता, कायमचा निर्माता नव्हता. कॅमेरा बहुधा त्यांच्याच हातात असे, संकलन त्याच करत आणि चित्रपट लोकांपर्यंत पोचवण्याची धडपडही त्यांचीच असे. स्त्रियांवर प्रेम करणारी स्त्री म्हणून त्या उघडपणे जगल्या आणि ते जगणे त्यांनी पडद्यावर आणले. त्यामुळे त्यांचे नाव निघाले तर समलिंगी विषयांवरच्या महोत्सवाच्या निमित्ताने निघते, आणि प्रायोगिक चित्रपटाचा इतिहास शिकवताना ते गळते. असे होणे हे त्या इतिहासाचेच नुकसान आहे. का, ते त्यांच्या कारकिर्दीच्या क्रमातून स्पष्ट होते.

हॅमर यांचा जन्म 15 मे 1939 रोजी हॉलिवूडमध्ये झाला. त्यांची आजी युक्रेनमधून आलेली आणि चित्रपटसृष्टीतल्या मंडळींच्या घरी स्वयंपाकाचे काम केलेली. मुलीने शर्ली टेंपलसारखी बालतारका व्हावे अशी आईची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, पण पडद्यावरच्या गोंडस मुलीची ती प्रतिमा हॅमर यांनी पुढे आत्मचरित्रात्मक चित्रपटात तपासायला घेतली. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून 1961 मध्ये मानसशास्त्राची पदवी, लग्न, मग 1963 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी साहित्याची एम.ए. असा पहिला टप्पा चारचौघींसारखाच गेला. 1970 च्या आसपास, तिशी ओलांडताना, स्त्रीमुक्तीच्या चर्चागटांतून समलिंगी प्रेमाचा विषय त्यांच्यापुढे आला आणि स्वतःविषयीचा उलगडा झाला. लग्न संपले. मोटरसायकल आणि सुपर 8 कॅमेरा घेऊन त्यांनी नवे आयुष्य सुरू केले.

चित्रपटाचे रीतसर शिक्षण त्यांनी सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठात घेतले. चित्रपट इतिहासाच्या वर्गात एकामागून एक पुरुषांचे चित्रपट दाखवले जात होते. मग एक दिवस माया डेरेन यांचा 1943 सालचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ लागला. राहत्या घरात, जवळजवळ पैशांवाचून, 16 मिलिमीटरवर चित्रित केलेला हा लघुपट एका स्त्रीच्या मनातून जग पाहतो. स्त्रीच्या हातचा सिनेमा वेगळा असू शकतो आणि त्याला फार पैसा लागत नाही, या दोन्ही गोष्टी हॅमर यांना तेथे एकदम सापडल्या. डेरेन यांचे ऋण त्यांनी शेवटपर्यंत मानले. 2011 मधला त्यांचा ‘माया डेरेन्स सिंक’ हा लघुपट डेरेन यांच्या घरातल्या, न्यूयॉर्कच्या एका चित्रपट संग्रहात येऊन पडलेल्या बेसिनपासून सुरू होतो.

1974 मध्ये हॅमर यांनी ‘डाईकटॅक्टिक्स’ केला. लांबी चार मिनिटे, प्रतिमा सुमारे 110. माळरानावर एकत्र जमलेल्या विवस्त्र स्त्रिया, पाणी, गवत, केस विंचरणारे हात, आणि उत्तरार्धात दोन स्त्रियांचा प्रणय. त्यांतली एक स्वतः हॅमर. एका समलिंगी स्त्रीने केलेल्या स्त्री-स्त्री प्रेमाच्या अगदी पहिल्या चित्रपटांत त्याची गणना होते. ऐतिहासिक मान तेवढा देऊन थांबले तर मात्र चित्रपट पाहिलाच नाही असे होईल. त्यातले दोन शॉट गोष्ट पुढे सरकावी म्हणून जोडलेले नाहीत. प्रत्येक जोड स्पर्शाच्या जाणिवेवर बेतलेली आहे: बोट सालीवर, पाय पाण्यात, तळवा पाठीवर. प्रतिमा एकमेकींवर चढवल्यामुळे एका देहाची कड दुसऱ्या देहात मिसळते. प्रेक्षक दुरून पाहणारा राहू नये, त्याच्या त्वचेलाच काही कळावे, असा हा प्रयत्न होता. स्त्रीदेहाकडे टक लावणाऱ्या पुरुषी नजरेवर पुढची कितीतरी वर्षे सैद्धांतिक लेखन होत राहिले. त्या नजरेला पर्याय काय असू शकतो, हे या चार मिनिटांत प्रत्यक्ष करून दाखवले आहे.

त्याच वर्षीचा ‘जेन ब्रॅकेज’ हा लघुपट अभ्यासवर्गांसाठी विशेष मोलाचा आहे. स्टॅन ब्रॅकेज यांनी पत्नी जेन यांच्या बाळंतपणावर 1959 मध्ये केलेला ‘विंडो वॉटर बेबी मूव्हिंग’ प्रायोगिक चित्रपटाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत असतो. त्यात जेन दिसतात त्या नवऱ्याच्या कॅमेऱ्यातून. हॅमर यांनी जेनना त्यांच्या डोंगराळ परिसरात जाऊन भेटून, त्यांचे विचार, त्यांचा निसर्गाचा नाद, त्यांचे स्वतःचे बोलणे चित्रित केले. हे दोन चित्रपट लागोपाठ दाखवले तर कॅमेरा कोणाच्या हातात आहे यावर व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

सत्तरच्या दशकात हॅमर भराभर काम करत होत्या. ‘मेन्सेस’मध्ये मासिक पाळीभोवतीच्या शरमेची खिल्ली आहे. ‘सुपरडाईक’मध्ये ढाली घेतलेल्या स्त्रिया सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवर आणि दुकानांत शिरतात. ‘विमेन आय लव्ह’मध्ये मैत्रिणी आणि प्रेयसी यांची व्यक्तिचित्रे आहेत. 1978 मधला ‘डबल स्ट्रेंग्थ’ या सगळ्यांत सरस म्हणावा लागेल. झोक्यावरच्या कसरती करणाऱ्या टेरी सेंडग्राफ यांच्याबरोबरच्या नात्याची चढती आणि उतरती भाजणी तो सांगतो. त्यातला आनंद आणि पुढचा दुरावा, दोन्ही हवेत लोंबकळणाऱ्या देहांतूनच कळतात.

आपल्याकडे याच सुमारास, 1981 मध्ये, विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आले. मराठी रंगभूमीवरचे ते धाडस होते आणि त्याची थोरवी कमी करण्याचे कारण नाही. मात्र स्त्रीवर प्रेम करणाऱ्या मित्रा या तरुणीची गोष्ट तेथे बापू हा तिचा पुरुष मित्र सांगतो आणि ती तिच्या आत्मनाशापाशी संपते. हॅमर यांच्या चित्रपटांत सांगणारी आणि जिची गोष्ट आहे ती एकच व्यक्ती आहे, आणि ती जिवंत, हसरी, भांडणारी, म्हातारी होणारी आहे. त्या काळात स्त्रियांवर प्रेम करणारी स्त्री सहानुभूतीने रंगवली गेली तरी जगभर ती बहुधा शोकांतिकेतच सापडे. हा फरक ध्यानात घेतल्याशिवाय हॅमर यांच्या सुरुवातीच्या चित्रपटांतल्या उघड्या आनंदाचे मोल कळत नाही.

हे चित्रपट कधी फक्त स्त्रियांसाठी ठेवलेल्या खेळांत, कधी महाविद्यालयांत, कधी स्त्रियांच्या पुस्तकदुकानांत दाखवले जात. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅनियन सिनेमा ही चित्रपटकर्त्यांनीच चालवलेली सहकारी वितरण संस्था त्यांच्या प्रती भाड्याने देई. बाहेरच्या जगातल्या समीक्षेकडून दुर्लक्ष झाले आणि आतून टीकाही झाली. ऐंशीच्या दशकातल्या स्त्रीवादी सिद्धांताला हा निसर्गात रमलेला स्त्रीदेह भाबडा वाटला. स्त्रीत्व जन्मजात आणि सर्वत्र सारखे असते असे मानल्याचा ठपका या चित्रपटांवर आला. टीकेत तथ्य नव्हते असे नाही, कारण त्या माळरानावरच्या स्त्रिया बहुतांशी एकाच वर्णाच्या आणि एकाच वर्तुळातल्या होत्या. परंतु या चित्रपटांची घडण किती विचारपूर्वक केली आहे हे टीकाकारांनी पाहिले नाही.

हॅमर यांनी त्यावर चित्रपटांतूनच उत्तर दिले. काही वर्षे पडद्यावरून स्त्रीदेह जवळजवळ हटवून त्यांनी प्रकाश, जागा आणि गती यांवर काम केले. 1981 चा ‘पूल्स’ कॅलिफोर्नियातील हर्स्ट कॅसलच्या जलतरण तलावांत पोहत चित्रित झाला. ते तलाव ज्युलिया मॉर्गन या स्त्री वास्तुविशारदाने आखलेले होते. 1983 च्या ‘बेंट टाइम’साठी त्यांनी अमेरिकेतली प्रचंड ऊर्जेची ठिकाणे निवडली: कणत्वरक, चाको कॅन्यनमधले प्राचीन सूर्य-पंचांगाचे स्थान, गोल्डन गेट आणि ब्रुकलिनचे पूल. अतिशय रुंद कोनाच्या भिंगातून, दर फूटभर अंतराला एक चौकट अशा हिशेबाने हा प्रवास टिपला आहे. कडा वाकलेल्या दिसतात, अंतर आकुंचन पावते आणि पॉलीन ऑलिव्हेरोस यांचे संगीत त्याला संथ श्वास देते. चित्रपटाचा काळ म्हणजे चौकटींची मोजणी हे विद्यार्थ्याला समजावण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

या दशकाच्या मध्यास त्या न्यूयॉर्कला आल्या होत्या. ऑप्टिकल प्रिंटर हे त्यांचे आवडते यंत्र. प्रक्षेपक आणि कॅमेरा समोरासमोर बसवून, आधीच चित्रित झालेली फिल्म एकेक चौकट पुन्हा टिपण्याची त्यात सोय असते. चौकट थांबवता येते, मोठी करता येते, दुसरीवर चढवता येते, तिची कडेची छिद्रेसुद्धा दाखवता येतात. 1985 चा सोळा मिनिटांचा ‘ऑप्टिक नर्व्ह’ या यंत्राविना झालाच नसता. वृद्धाश्रमातल्या आजीला भेटायला जाण्याचा प्रसंग, चाकाची खुर्ची, लांबलचक वाट. एवढ्याच सामग्रीवर हॅमर पुन्हा पुन्हा येतात. चित्र घसरते, अडखळते, फाटल्यासारखे होते. नजर अंधुक होणे, आठवण तुटणे, आणि भेटायला आलेल्या नातीचा आत जाताना होणारा थरकाप हे सारे त्या अडखळण्यातून उमटते. आजीवरच्या मायेचा इतका कठोर आणि इतका हळवा चित्रपट क्वचित पाहायला मिळतो. कोणाला हॅमर यांचा एकच लघुपट दाखवायचा असेल तर तो हा असावा. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात 1985, 1989 आणि 1993 अशी तीनदा त्यांची निवड झाली.

एड्सविषयी वृत्तपत्रांनी उठवलेल्या भयावरचा 1986 चा ‘स्नो जॉब’ आणि घरगुती संगणकावर केलेला 1987 चा ‘नो नो नूकी टी.व्ही.’ हे दोन्ही आपापल्या काळाचे दस्तऐवज आहेत. खरी मोठी झेप त्यानंतरची. डॉ. जेम्स सिब्ली वॉटसन या अमेरिकन डॉक्टरांनी सहकाऱ्यांसह क्ष-किरणांच्या चलत्-फिती काढून ठेवल्या होत्या: पाणी पिणारा सांगाडा, दाढी करणारा सांगाडा. हॅमर यांनी त्या मिळवून, रंगवून, एकमेकींवर चढवून 1990 मध्ये ‘सँक्टस’ केला. एकोणीस मिनिटे माणसाचे शरीर आतून दिसत राहते, सुंदर आणि नाशवंत. ज्या किरणांनी ते दिसते तेच त्याला इजा करतात, ही जाणीवही सोबत राहते.

हे वॉटसन स्वतः चित्रपटकर्ते होते. 1933 मध्ये त्यांनी मेलव्हिल वेबर यांच्यासह ‘लॉट इन सॉडम’ केला होता आणि समलिंगी आकर्षण दाखवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या चित्रपटांत तो मोडतो. त्याचे वापरात न आलेले तुकडे हॅमर यांनी ‘नायट्रेट किसेस’मध्ये घेतले. 1992 चा हा सदुसष्ट मिनिटांचा कृष्णधवल चित्रपट म्हणजे त्यांची पहिली मोठी लांबीची कृती. त्याचा विषय आहे पुसला गेलेला इतिहास. कादंबरीकार विला कॅथर यांनी आपली पत्रे नष्ट केली आणि उरलेली छापू नयेत असे मृत्युपत्रात लिहिले. चित्रपट तेथून सुरू होतो. नाझी राजवटीतल्या समलिंगी स्त्रियांच्या आठवणी, जुनी मद्यालये, पडक्या इमारती, निनावी फोटो यांवरून कॅमेरा फिरतो आणि मधूनमधून चार जोडप्यांचा प्रणय येतो. त्यातले एक जोडपे वृद्ध स्त्रियांचे आहे. सुरकुतलेल्या हातांचा शृंगार इतक्या सहजपणे दाखवणारा चित्रपट तोवर जवळजवळ नव्हता. दोन पुरुषांच्या प्रसंगावर हॉलिवूडच्या जुन्या नीतिसंहितेचा मजकूर सरकत जातो. जे दाखवायला बंदी होती ते आणि बंदीचे कलम एकाच चौकटीत दिसतात.

नायट्रेट फिल्म जळते आणि कुजते, हे पुण्यातल्या चित्रपटप्रेमींना सांगायला नको. 2003 मध्ये तेथल्या नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत प्रभातच्या चित्रपटांचा मोठा ठेवा गेला. ती हानी निदान मोजता तरी आली, कारण काय होते ते ठाऊक होते. हॅमर ज्या हानीकडे बोट दाखवतात ती मोजताही येत नाही. पत्रे जाळली गेली, फोटोंमागची नावे लिहिली गेली नाहीत, नातेवाइकांनी पेट्या रिकाम्या केल्या. मग चित्रपटकर्त्याने करायचे काय? हॅमर यांनी उणिवा भरून काढण्याचा आव आणला नाही. रिकाम्या जागा त्यांनी रिकाम्याच दाखवल्या आणि प्रेक्षकाला त्यांच्यासमोर बसवले. 1993 च्या सनडान्स महोत्सवात हा चित्रपट स्पर्धेत होता.

त्याला जोडून दोन चित्रपट आले. ‘टेंडर फिक्शन्स’ हे आत्मचरित्र. त्यात शर्ली टेंपल परतते. 2000 सालच्या ‘हिस्टरी लेसन्स’मध्ये जुन्या वृत्तपट, वैद्यकीय आणि अश्लील फितींची मोडतोड आहे. त्यांच्या दरम्यानच्या ‘द फीमेल क्लोझेट’ (1998) मध्ये छायाचित्रकार अ‍ॅलिस ऑस्टिन, कोलाजकार हाना ह्योख आणि चित्रकार निकोल आयझनमन अशा तीन पिढ्यांच्या कलावंत आहेत. ऑस्टिन यांच्या घराचे संग्रहालय झाले, पण त्यांचे एका स्त्रीबरोबरचे दीर्घ सहजीवन तेथे बराच काळ अनुल्लेखित राहिले. त्या मौनाचा हॅमर यांनी पाठपुरावा केला.

स्वतःच्या समूहाबाहेरच्या विषयांवरही त्यांची पकड तितकीच पक्की होती. ‘डिव्होशन’ (2000) हा जपानच्या ओगावा प्रॉडक्शन्सवरचा माहितीपट. यामागाता भागातल्या खेड्यात राहून, भात लावून, शेतकऱ्यांचे चित्रपट करणारी ही मंडळी माहितीपटांच्या जगात आदर्श मानली जात. हॅमर यांनी त्या समूहातल्या स्त्रियांना बोलते केले. नेता एकच, निर्णय त्याचा, आणि स्वयंपाक-धुणी व बिनपगारी राबणूक कोणाची, हे त्यातून उघड झाले. ‘रेझिस्टिंग पॅराडाइस’ (2003) मध्ये त्या फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेल्या. दुसऱ्या महायुद्धात मातीस आणि बोनार चित्रे काढत होते, त्याच वेळी त्याच देशात प्रतिकारात जीव घालणारी माणसेही होती. युद्धकाळात कलावंताने काय करावे, हा प्रश्न तेथे त्या स्वतःलाही लावतात.

2006 मध्ये त्यांना बीजांडकोशाच्या कर्करोगाचे निदान झाले. केमोथेरपीच्या काळातून ‘अ हॉर्स इज नॉट अ मेटाफर’ (2008) निघाला. शिरेत जाणारी औषधाची नळी, केस गेलेले डोके, आणि त्यांना आवडणारी घोडेस्वारी. मेरेडिथ मंक यांच्या संगीतावर चाललेल्या या अर्ध्या तासाच्या चित्रपटाला 2009 मध्ये बर्लिन महोत्सवात लघुपटाचा टेडी पुरस्कार मिळाला. आजाराशी ‘झुंज’ दिल्याची कथा तेथे नाही. शरीराला काय होते आहे ते जवळून पाहणे आहे, जसे त्यांनी पस्तीस वर्षांपूर्वी सुखाच्या क्षणी पाहिले होते.

मोठ्या संस्थांची दारे यानंतरच पूर्ण उघडली. न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट संग्रहालयात 2010 मध्ये त्यांच्या चित्रपटांचा महिनाभराचा कार्यक्रम झाला. त्याच वर्षी ‘हॅमर!’ हे त्यांचे आत्मकथन आले. 2012 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने आणि पॅरिसच्या ज्यू द पोमने त्यांचे काम दाखवले. गुगेनहाइम शिष्यवृत्ती 2013 मध्ये मिळाली, तेव्हा त्या सत्तरी ओलांडून गेल्या होत्या. त्यांची कागदपत्रे येल विद्यापीठाच्या बायनिकी ग्रंथालयाने घेतली. समलिंगी स्त्री प्रायोगिक चित्रपटकर्त्यांसाठी त्यांच्या नावाचे अनुदान 2017 पासून सुरू झाले. या सगळ्या काळात मानवी हक्कांच्या कार्यकर्त्या फ्लॉरी बर्क या 1988 पासूनच्या जोडीदार त्यांच्यासोबत होत्या.

ऑक्टोबर 2018 मध्ये व्हिटनी संग्रहालयात हॅमर यांनी मरणाच्या कलेवर व्याख्यान दिले आणि असाध्य रुग्णाला वैद्यकीय मदतीने मरण निवडण्याचा हक्क असावा, अशी बाजू मांडली. अपुऱ्या राहिलेल्या चित्रफिती त्यांनी दुसऱ्या चित्रपटकर्त्यांकडे सोपवल्या. हवे तसे वापरा, एवढेच सांगणे. लिन सॅक्स यांनी केप कॉडच्या वाळूतल्या वीज-पाण्याविना झोपडीत 1998 मध्ये हॅमर यांनी टिपलेल्या चौकटींतून ‘अ मंथ ऑफ सिंगल फ्रेम्स’ केला. डेबोरा स्ट्रॅटमन यांनी 1975 च्या ग्वाटेमाला प्रवासातल्या चित्रणातून ‘व्हेव्हेर’ घडवला. दोन्ही 2019 मध्ये आले. 16 मार्च 2019 रोजी न्यूयॉर्कमध्ये हॅमर यांचे निधन झाले.

संयोजकांना विनंती अशी. ‘डाईकटॅक्टिक्स’, ‘ऑप्टिक नर्व्ह’ आणि ‘सँक्टस’ हे तीन लघुपट मिळून चाळीस मिनिटांच्या आत बसतात. त्यानंतर ‘नायट्रेट किसेस’ दाखवला तरी कार्यक्रम दोन तासांत संपतो. सभासदांना विषयाची आणि त्यातल्या उघड्या दृश्यांची कल्पना आधी द्यावी, पण चित्रपटांना कात्री लावू नये. आणि ही संध्याकाळ एखाद्या खास सप्ताहासाठी राखून न ठेवता, डेरेन आणि ब्रॅकेज दाखवून झाल्यावर लगेचच्या आठवड्यात नेहमीच्या सत्रात ठेवावी.